कोशाच्या व रेशमी साड्यांवरील हातठशांची छपाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावी कोशाच्या आणि तुतीच्या रेशमाच्या साड्यांवर लाकडी ठशांनी छपाई केली जाते. लग्नाचा बस्ता बांधायला निघालेली मंडळी, शाळांमधील शिक्षिका, बचतगटांच्या महिला आणि दूरगावाहून फोनवर चौकशी करणारे ग्राहक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. साडी घेणाऱ्याने सूत कुठले, रंग कोणता आणि छपाई कशाने केली हे तीन प्रश्न कोणत्याही दुकानात निःसंकोच विचारावेत आणि मिळालेले उत्तर खरे की खोटे हे त्याला स्वतःला पारखता यावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

हातठशांची साडी नेमकी कशाला म्हणायचे?

लाकडावर कोरलेला ठसा रंगाच्या गादीवर टेकवून हाताने कापडावर उमटवायचा आणि साडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हीच कृती करत जायचे, अशा रीतीने छापलेली ती हातठशांची साडी. बाजारात तिला ‘ब्लॉक प्रिंट’ म्हणतात. स्क्रीनने किंवा डिजिटल यंत्राने छापलेल्या साडीवर हुबेहूब ठशासारखी नक्षी असली तरी ती या प्रकारात मोडत नाही. पैठणी किंवा बनारसीही वेगळी, कारण तेथे नक्षी विणतानाच धाग्यातून उतरते.

ही कला विदर्भात पूर्वापार चालत आलेली आहे का?

विदर्भाची खरी ओळख विणकामाची आहे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी-आंधळगाव परिसर, पवनी, चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड अशा गावांतून कोष्टी आणि हलबा-कोष्टी समाजातील विणकरांनी कोशाचे कापड विणले. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेली करवत काटी साडी ही या भागाची ठेव असून तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिचे काठ आणि अंग वेगवेगळ्या रंगांत ठेवून एकमेकांत गुंतवण्यासाठी विणकराला एकाच वेळी तीन धोटे चालवावे लागतात.

ठशांच्या छपाईची मोठी घराणी मात्र इतरत्र आहेत. राजस्थानातील सांगानेर आणि बगरू येथील छिपा समाज, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या बाग गावचे खत्री, कच्छमधील धमडका आणि अजरखपूर येथील अजरख छापणारे खत्री, आंध्र प्रदेशातील मछलीपट्टणम-पेडणा येथील कलमकारी छपाईकार, ही त्यांतली ठळक नावे. महाराष्ट्रात रंगारी आणि भावसार समाजाचा परंपरागत व्यवसाय कापड रंगवण्याचा आणि छापण्याचा होता, परंतु गिरणीचे छापील कापड स्वस्तात मिळू लागल्यावर बहुतेक घरांनी तो सोडला. म्हणून आम्ही आमच्या साडीला ‘विदर्भाची प्राचीन छपाई’ असे नाव देत नाही. कापड येथले आहे आणि छपाईची रीत बगरू-बागच्या कारागिरांकडून आलेली आहे. ज्यांनी ती शतकानुशतके सांभाळली, त्यांचे श्रेय त्यांच्याकडेच राहिले पाहिजे.

ही रीत किती जुनी आहे, असेही विचारले जाते. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळील फुस्तात येथे उत्खननात ठशांनी छापलेल्या मध्ययुगीन सुती कापडाचे तुकडे सापडले आणि ते गुजरातेतून तेथे गेलेले होते, एवढे सांगितले म्हणजे तिच्या वयाची कल्पना यावी.

कोसा, टसर आणि तुतीचे रेशीम यांत फरक काय?

कोसा आणि टसर एकच. आपल्याकडे आणि छत्तीसगडात कोसा म्हणतात, व्यापारात टसर म्हणतात. तुतीचा पाला खाणारा किडा घरात पाळला जातो, त्याचा धागा पांढरा, बारीक आणि एकसारखा असतो. कोशाचा किडा जंगलातील झाडांवर वाढतो, त्याचा धागा मधाळ-तांबूस रंगाचा, किंचित जाडाबारीक असतो आणि त्यामुळे कापडाला एक खरखरीत, जिवंत पोत येतो. छपाईच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. तुतीच्या रेशमावर बारीक रेघ सुबक उमटते आणि फिकट रंग स्वच्छ दिसतात. कोशावर फिकट गुलाबी छापला तर त्यात खालचा मधाळ रंग मिसळतो, म्हणून तेथे मंजिष्ठेचा लाल, काळा, गर्द निळा असे भरदार रंग आणि जरा मोठी नक्षी शोभते. आम्हाला विचाराल तर कोशाची जमीन न रंगवता तशीच ठेवून तिच्यावर दोनच रंगांत छापलेली साडी सर्वांत देखणी दिसते.

आपल्या भागातला कोसा येतो कुठून?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण सविस्तर उत्तर द्यावे असा हाच आहे. कोशाच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतात. भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांत, विशेषतः आरमोरीच्या परिसरात, ढिवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. अंडीपुंजांतून निघालेल्या अळ्या झाडावर सोडल्या की पुढचा महिना-सव्वा महिना राखणदाराला जंगलातच मुक्काम ठोकावा लागतो, कारण पक्षी आणि मुंग्या टपलेलेच असतात आणि एका सकाळी दुर्लक्ष झाले तरी निम्मे पीक जाऊ शकते. एका झाडाचा पाला संपला की अळ्या बसलेल्या डहाळ्या हलकेच कापून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवतात. शेवटी अळी स्वतःभोवती कोष विणते. हा कोष एका टणक देठाने फांदीला लटकलेला असतो आणि हातात घेतला तर सुपारीसारखा कठीण लागतो.

कोष सोड्याच्या पाण्यात शिजवून मऊ केले जातात आणि मग चार-सहा कोषांचे तंतू एकत्र करून धागा काढला जातो. पूर्वी महिला हे तंतू उघड्या मांडीवर वळत असत. दिवसभर या कामाला बसलेल्या बाईची कातडी सोलवटून निघायची. ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे धागा काढण्याचे यंत्र गावोगाव पोहोचवण्याचे काम हाती घेतले. साडी विकत घेताना धागा मांडीवरचा की यंत्रावरचा हे जरूर विचारावे, आणि यंत्रावरचा असेल तर तो कमी प्रतीचा समजू नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. देशात विणल्या जाणाऱ्या टसरच्या कापडात सगळेच सूत देशी नसते. उभ्या ताण्यासाठी धागा सारखा आणि मजबूत लागतो, म्हणून अनेक ठिकाणी परदेशातून आलेले टसरचे किंवा तुतीचे सूत ताण्याला आणि देशी सूत आडव्या बाण्याला वापरतात. त्यात फसवणूक नाही, परंतु विचारल्यावर विक्रेत्याने खरे सांगितले पाहिजे.

साडीसाठी किडे मारले जातात का?

होय, नेहमीच्या पद्धतीत मारले जातात. कोषातून पतंग बाहेर पडला की कोषाला भोक पडते आणि सलग धागा निघत नाही, म्हणून त्याआधीच कोष वाफवतात किंवा उन्हात वाळवतात. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्यासाठी भोक पडलेल्या कोषांपासून कातलेल्या सुताचे कापड मिळते. ते थोडे जाड आणि कमी चमकदार असते, पण ठशाची छपाई त्यावर फार छान बसते. आमच्याकडे दोन्ही प्रकार वेगवेगळे ठेवले जातात.

ठसा कसा बनतो आणि कोण बनवतो?

ठसे कोरणे ही स्वतंत्र कारागिरी आहे. गुजरातमध्ये गांधीनगरजवळचे पेथापूर आणि उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद ही गावे त्यासाठी नावाजलेली आहेत. पेथापूरचे कारागीर सागवान वापरतात, इतरत्र शिसवही चालते. लाकूड पुरते मुरलेले असावे लागते, नाहीतर पावसाळ्यात ठसा वाकतो आणि नक्षीच्या कडा जुळेनाशा होतात. नक्षी लाकडावर उतरवून भोवतालचा भाग छिन्नीने आणि हाताने फिरवायच्या लहान गिरमिटाने कोरून काढतात. नवा ठसा काही दिवस तेलात मुरवतात. मोठ्या ठशाला आरपार छिद्रे पाडलेली असतात. कापडावर दाबताना अडकलेली हवा आणि जास्तीचा रंग तेथून निघून जातो, नाहीतर रंग फुगा धरतो आणि मधोमध पांढरा डाग राहतो.

एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा तो ‘रेख’, आतले रंग भरणारा ‘दत्ता’ आणि जमीन रंगवणारा ‘गद’. तीन रंगांच्या फुलाला किमान तीन ठसे लागतात आणि ते एकमेकांवर अचूक बसतील असे कोरणे हीच कारागिराची कसोटी.

साडी छापताना प्रत्यक्षात काय काय केले जाते?

आधी कापडाची तयारी. रेशमाच्या धाग्यावर नैसर्गिक डिंकाचा थर असतो. तो साबणाच्या चांगल्या गरम पाण्यात काढून टाकल्याखेरीज रंग आत शिरत नाही. तुतीच्या रेशमाचे वजन या वेळी जवळजवळ पाव हिश्शाने घटते, कोशाचे त्याहून कमी. मग साडी वाळवून, इस्त्री करून छपाईच्या टेबलावर ताणून टाचण्यांनी पक्की करतात. हे टेबल साडीच्या लांबीचे असते आणि त्यावर तरट, घोंगडी आणि वर सुती चादर असे थर असतात. पृष्ठभाग कडक असेल तर ठसा नीट बसत नाही आणि फार मऊ असेल तर रेघा पसरतात.

रंगाची पेटी छपाईकाराच्या हाताशी असते. तळाशी रंग, त्यात बुडालेली बांबूच्या कामट्यांची जाळी आणि तिच्यावर ओल्या लोकरी व मलमलीच्या कापडाच्या घड्या. ठसा या घडीवर दोनदा अलगद टेकवला की रंग फक्त उंच कडांना लागतो. रंगाला दाटपणा डिंकाने येतो. आमच्या जंगलातला धावड्याचा डिंक, जो बाळंतिणीच्या लाडवात पडतो, तोही या कामाला चालतो. ठसा कापडावर ठेवल्यावर मुठीच्या बुडाने त्याच्या पाठीवर एक ठोका द्यायचा. ठोका हलका पडला तर नक्षी अर्धवट उमटते, जोरात पडला तर कडेने रंग ओघळतो. ठशाच्या कोपऱ्यावर एक-दोन बारीक ठिपके कोरलेले असतात, त्यांवरून पुढचा ठसा कुठे ठेवायचा हे कळते. आधी काठ, मग पदर आणि शेवटी अंग, असा क्रम आम्ही पाळतो. रासायनिक रंग असेल तर वाळल्यानंतर साडी गुंडाळून वाफेवर ठेवतात, तेव्हाच रंग धाग्यात पक्का होतो. त्यानंतर धुणे, सावलीत वाळवणे आणि घडी.

रंग नैसर्गिक असतात की रासायनिक?

दोन्ही प्रकारे काम होते आणि साडीच्या चिठ्ठीवर आम्ही ते लिहितो.

नैसर्गिक छपाईत एक गमतीची गोष्ट आहे, ती प्रत्यक्ष पाहिल्यावर शाळेची मुले थक्क होतात. लाल नक्षी छापताना लाल रंग छापलाच जात नाही. आधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतात, मग त्यावर तुरटीची लापशी ठशाने छापतात. तुरटी वाळल्यावर दिसत नाही, म्हणून छपाईकाराला आपण कुठवर आलो हे कळावे एवढ्यासाठी तिच्यात थोडी गेरू कालवतात. काही दिवस कापड तसेच ठेवून मग भरपूर वाहत्या पाण्यात धुतात आणि मंजिष्ठेच्या पाण्यात शिजवतात. जेथे तुरटी होती तेथेच लाल रंग धरतो. काळ्यासाठी गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात पंधरवडाभर आंबवतात आणि चिंचोक्याच्या पिठाने दाट करून छापतात, हिरड्यातील तुरटपणाशी त्याचा संयोग होऊन गडद काळा उमटतो. शिजवताना धायटीची फुले टाकली की न छापलेली जमीन स्वच्छ राहते. सुती कापड या वेळी खदखदून उकळता येते, रेशमाला उकळी मानवत नाही, त्याला मंद आच आणि जास्त वेळ द्यावा लागतो.

आमच्या परिसरात डाळिंबाच्या सालीचा पिवळा, खैराचा तपकिरी आणि पळस-कुसुमाच्या झाडांवरील लाखेचा किरमिजी रंग वापरता येतो. लाख रेशमावर सुतापेक्षा कितीतरी चांगली चढते. फाल्गुनात सारा माळ पळसाने पेटलेला असतो, तेव्हा पळसफुलांच्या पिवळ्याची मागणी हमखास होते. तो रंग होळीसाठी उत्तम आहे, परंतु उन्हात लवकर विटतो, त्यामुळे आयुष्यभर ठेवायच्या साडीसाठी आम्ही तो सुचवत नाही.

रासायनिक रंगांना सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. १८६८ मध्ये मंजिष्ठेतील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली, तेव्हापासून जगभरातील रंगाऱ्यांनी ती वापरली आहे. पाहायचे ते असे की वापरलेले रंग बंदी घातलेल्या अझो रंगांपैकी नसावेत आणि रेशमासाठीचेच असावेत. स्वस्तातले पिगमेंट रंग धाग्यात शिरत नाहीत, ते चिकटद्रव्याने वर बसतात. अशी रेशमी साडी हाताला रबरासारखी लागते आणि घडीवर नक्षी उकलते. आमचे मत विचाराल तर चांगल्या रासायनिक रंगाची साडी वाईट नैसर्गिक साडीपेक्षा केव्हाही बरी.

नैसर्गिक रंगात छापलेली काळी रेघ बारीकच का ठेवली जाते?

लोखंडाचा काळा रंग काळाच्या ओघात रेशमाला कमकुवत करतो. सुतावर हा परिणाम सोसतो, रेशमावर मोठे काळे पट्टे काही वर्षांनी तडकू लागतात. म्हणून रेशमी साडीत काळ्याचे काम बाह्यरेषेपुरते ठेवावे, असा आमचा आग्रह असतो. ग्राहकाने काळीभोर जमीन मागितली तर ती आम्ही रासायनिक रंगात करतो आणि तसे सांगतो.

साडी खरोखर हाताने छापलेली आहे हे कसे ओळखावे?

साडी उजेडात पसरून एकाच फुलाच्या दहा-बारा जागा शेजारी शेजारी पाहाव्यात. ठसा रंगात बुडवल्यावर पहिला छाप गर्द आणि पुढचा किंचित फिका येतो, असा चढउतार हातकामात असतोच. दोन ठशांच्या सांध्यावर केसभर फट किंवा केसभर चढ दिसतो. रेषेच्या आतला रंग एखाद्या जागी रेषेबाहेर डोकावतो. ठशाचा एखादा टवका उडालेला असेल तर ती खूण प्रत्येक छापात दिसते, पण रंगाची खोली मात्र दरवेळी बदलते. स्क्रीनच्या साडीत चूकही ठरावीक अंतरावर अगदी तशीच्या तशी परत येते. डिजिटल छपाईत पाठीमागची बाजू जवळजवळ कोरी राहते आणि एका फुलात असंख्य छटा दिसतात, ठशाच्या कामात प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागत असल्याने रंग मोजकेच असतात.

यामुळेच सांध्यावरची केसभर फट दाखवून साडी परत करू नये, ही विनंती. मात्र ओघळलेला रंग, बोटांचे डाग किंवा मधेच गाळलेली ओळ ही निष्काळजीपणाची लक्षणे आहेत. ‘हाताचे काम आहे, चालायचेच’ असे म्हणून कोणी ती खपवू पाहत असेल तर ऐकून घेऊ नये.

आणि रेशीम खरे आहे की नाही?

पदराच्या दशांमधला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. खरे रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला करताच ते विझते आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. व्हिस्कोस कागदासारखे भरभर जळते. ताण्याचा आणि बाण्याचा धागा वेगळा जाळून पाहावा, कारण एका बाजूला रेशीम आणि दुसऱ्या बाजूला कृत्रिम धागा असे कापड ‘कोसा’ म्हणून विकले जाते, आमच्या जवळच्याच बाजारातून असे ठकून आलेले लोक आम्हाला भेटले आहेत. ज्यांना जाळून पाहणे शक्य नाही त्यांनी ‘सिल्क मार्क’चे होलोग्राम असलेले लेबल पाहावे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये ही खूण सुरू झाली. ती रेशमाची ग्वाही देते, छपाई हाताची असल्याची नाही.

एवढी किंमत कशाची?

हिशेब करून पाहावा. साडीची लांबी साडेपाच मीटर आणि पन्हा सुमारे ११० सेंटिमीटर. ठसा ११ सेंटिमीटर लांब-रुंद धरला तर लांबीत ५० आणि रुंदीत १० असे एका रंगाचे ५०० छाप होतात. भरगच्च जाळीची नक्षी तीन रंगांत असेल तर १५०० वेळा ठसा उचलून, रंगावर टेकवून, नेमक्या जागी ठेवून त्यावर मूठ मारावी लागते, आणि शेवटच्या शंभरात हात चुकला तर आधीचे सगळे वाया जाते. सुटी बुट्टी असलेल्या साडीत छाप कमी, म्हणून ती स्वस्त. यात विणकराची मजुरी, कोष काढणाऱ्याची रखवाली आणि ठसे कोरणाऱ्याचे काम अजून धरलेलेच नाही. फार स्वस्त साडी समोर आली तर या चौघांपैकी कोणाचा तरी हिस्सा कापला गेला आहे किंवा मालच दुसरा आहे, असे समजावे.

घरी धुता येते का?

नैसर्गिक रंगाची आणि रेशमासाठीच्या पक्क्या रंगाची साडी घरी धुता येते. पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडा जास्तीचा रंग निघतो, म्हणून ती वेगळी धुवावी. रिठ्याचे गाळलेले गार पाणी सर्वांत चांगले. कपडे धुण्याचा सोडा, साबणाची वडी आणि ब्लीच यांतील तीव्र क्षारांनी रेशीम निस्तेज आणि ठिसूळ होते. भिजत घालू नये, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत वाळत घालावी. आपल्या उन्हाळ्यातल्या उन्हात एक दुपार साडी दांडीवर राहिली तरी पुरे, वरच्या घडीचा रंग उतरलेला दिसतो. इस्त्री उलट्या बाजूने आणि मध्यम गरम असावी.

पाण्याकडे लक्ष द्यावे. अनेक गावांत बोअरचे पाणी बादलीत ठेवले की तांबूस साका धरतो. त्यातील लोह नैसर्गिक रंगांना काळपट करते आणि डाळिंबाचा पिवळा काही धुण्यांत शेवाळी होतो. ही गोष्ट किती गंभीर आहे हे कच्छच्या उदाहरणावरून कळते. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले, अजरखचे रंग बिघडू लागले आणि तेथील अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले. आपल्याला गाव सोडायचे नाही, साडीपुरते पावसाचे किंवा गाळलेले पाणी वापरले तरी पुरते.

हळदीचा, तेलाचा किंवा लिंबाचा डाग पडला तर?

हळदीच्या डागाला साबण लावू नये. क्षार लागताच तो लालभडक होतो आणि घरचे घाबरतात. गार पाण्याने हलकेच पुसून तेवढाच भाग थोडा वेळ कोवळ्या उन्हात धरावा, हळद उन्हाने उडते. तेलावर मुलतानी माती किंवा टाल्कम पावडर रात्रभर टाकून सकाळी झटकावी. लिंबू, चिंच आणि ताक यांच्यापासून लोखंडाच्या काळ्या नक्षीला विशेष जपावे. आम्लाने तो काळा रंग सुटतो, जागा फिकट पडते आणि पुन्हा काळी करता येत नाही. पंगतीत वाढणाऱ्या बायकांनी एवढे लक्षात ठेवावे.

साडी ठेवावी कशी?

जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावी, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. डांबरगोळी थेट कापडाला लागू देऊ नये, कपाटाच्या कोपऱ्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवावे. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, एकदा सावलीत हवेवर टाकावी. लोखंडी पेटी असेल तर तळाशी कागद नव्हे, जाड सुती कापड अंथरावे, कारण गंजाचा डाग निघत नाही.

नऊवारी मिळते का?

मिळते. लांबी जास्त असल्याने कापड मुद्दाम विणून घ्यावे लागते, त्यामुळे वेळ आणि किंमत दोन्ही वाढतात.

लग्नासाठी साडी हवी असेल तर किती आधी सांगावे?

उन्हाळ्यातील लग्नासाठी दिवाळीनंतर लगेच सांगितलेले बरे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पेटीतला रंग आणि ठशावरचा रंगही बघता बघता सुकतो. त्या दिवसांत छपाई फक्त भल्या पहाटेपासून नऊ-साडेनऊपर्यंत होते. पावसाळ्यात उलट अडचण, छापलेले कापड वाळत नाही आणि दमट हवेत रेघा पसरतात. शिवाय आषाढ-श्रावणात धानाची रोवणी असते आणि छपाईला येणाऱ्या महिला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात. दिवाळी ते होळी हाच या कामाचा खरा हंगाम.

आईच्या किंवा आजीच्या जुन्या रेशमी साडीवर छापता येईल का?

कापडात जीव असेल तर येते. साडी उजेडासमोर धरावी. घड्यांवर उभ्या बारीक चिरा दिसत असतील तर छपाईच्या ताणाने आणि वाफेने ती फाटेल, अशा साडीला हात न लावलेलाच बरा. कापड शाबूत असल्यास फिक्या जमिनीवर गडद ठसा छापून जुने डाग नक्षीत लपवता येतात. जरीच्या काठाला मात्र आम्ही रंग लावत नाही.

आमच्या बचतगटाला हे काम शिकायचे आहे. सुरुवात कशी करावी?

थेट रेशमावर करू नये. सुती रुमाल, उशीचे अभ्रे, ओढण्या यांवर हात बसू द्यावा, सांधे जुळू लागले की कोसा हातात घ्यावा. सुरुवातीला लांब टेबल, दोन-तीन रंगपेट्या, काठाचे आणि बुट्टीचे मिळून सात-आठ ठसे एवढे पुरते. ठसे तयार विकत घेण्यापेक्षा आपली नक्षी कोरून घ्यावी, असे आम्ही आवर्जून सांगतो. धानाची लोंबी, मोहाची फुले, करवतीचे दाते, सारस पक्षी हे सगळे आपल्या डोळ्यांसमोर असताना सांगानेरचीच बुट्टी छापत राहण्याचे कारण नाही. रंगाचे सांडपाणी विहिरीजवळ किंवा बांधीत सोडू नये, त्यासाठी वेगळा शोषखड्डा आधीच खणावा.

तांत्रिक मार्गदर्शनासाठी नागपूरचे विणकर सेवा केंद्र हे केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचे कार्यालय आहे. कोशाच्या सुताविषयी आणि किड्यांच्या संगोपनाविषयी जिल्हा रेशीम कार्यालयात विचारावे, राज्याचे रेशीम संचालनालयही नागपुरातच आहे. वर्ध्याला जाणे झाले तर मगन संग्रहालय अवश्य पाहावे. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात खादी आणि ग्रामोद्योगांची साधने पाहता येतात. आमच्याकडे यायचे असल्यास दिवाळी ते होळीच्या दरम्यान यावे, तेव्हा टेबलावर साडी ताणलेली असते. सोबत जुन्या सुती कापडाचा वारभर तुकडा आणावा, पहिला ठसा त्यावर मारून पाहता येईल.